केनियातल्या ख्रिस्ती बालगृहाच्या ओळखीतून पूर्व आफ्रिका: संडे स्कूलसाठी पाच रविवारांचा आराखडा

हा आराखडा मुख्यतः संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी आहे, पण शाळेतल्या किंवा सोसायटीतल्या मुलांच्या गटालाही तो चालेल. ८ ते १२ वर्षांची पंधरा-वीस मुलं, सोबत दोन मोठी माणसं, दर रविवारी सव्वा तास आणि असे पाच रविवार, एवढं गृहीत धरलं आहे. पूर्व आफ्रिकेतल्या एखाद्या ख्रिस्ती बालगृहाशी तुमच्या मंडळीचा संबंध आधीच असेल किंवा नव्याने जुळवायचा असेल, दोन्ही वेळा याचा उपयोग होईल.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांभाळा. बालगृह म्हटलं की आपल्या तोंडून आधी 'बिचारी मुलं' असं निघतं. हा शब्द वर्गात एकदा रुजला की मुलं पुढे जे काही पाहतील ते कीव करतच पाहतील. बालगृह म्हणजे माणसं राहतात ती जागा. तिथे सकाळी चूल पेटते, गणवेश धुवून वाळत पडतात, अंघोळीच्या नंबरावरून भांडणं होतात, रात्री प्रार्थना होते. संस्कृती कळते ती या रोजच्या व्यवहारातून. म्हणून पाचही रविवार 'तिथली मुलं काय खातात, काय खेळतात, मोठ्यांशी कसं बोलतात' याभोवती ठेवा. 'त्यांच्याकडे काय नाही' ही यादी वर्गात करूच नका.

आधी देश ठरवा

'आफ्रिका' शिकवायला घेतली तर हाती सिंह आणि मसाई नर्तक यापलीकडे काही लागत नाही. पूर्व आफ्रिकी समुदायात आज आठ देश आहेत: केनिया, टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि सोमालिया. यातला एकच निवडा. इथे केनिया धरला आहे, कारण तिथे इंग्रजी आणि स्वाहिली दोन्ही अधिकृत भाषा आहेत आणि पत्रव्यवहार सोपा जातो. पण केनियातही चाळीसहून अधिक समाज आहेत. बालगृह किसुमूजवळ असेल तर आजूबाजूला लुओ भाषा आणि व्हिक्टोरिया सरोवरातले मासे, न्येरीकडे असेल तर किकुयू भाषा आणि चहाचे मळे, मोम्बासाकडे असेल तर नारळ आणि मिजिकेंडा समाजाची गावं. बालगृह कुठल्या जिल्ह्यात आहे ते कळल्याशिवाय पहिला धडा लिहायला घेऊ नका.

बालगृह कसं पारखायचं

यात घाई करू नका. आराखड्यातला सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला तरी चालेल.

केनियात खासगी बालगृहांना 'चॅरिटेबल चिल्ड्रन्स इन्स्टिट्यूशन' म्हणतात आणि त्यांची सरकारी नोंदणी लागते. २०१७ साली सरकारने नव्या संस्थांची नोंदणी थांबवली. २०२२ च्या बाल कायद्यानंतर आणि त्याच वर्षी आलेल्या दहा वर्षांच्या धोरणानुसार मुलांना संस्थेतून कुटुंबाकडे, नातेवाइकांकडे किंवा मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाकडे नेण्यावर भर आहे. कारण साधं आहे: बालगृहातल्या बऱ्याच मुलांची आई, वडील किंवा आजी हयात असते. मूल संस्थेत येतं ते पुष्कळदा गरिबीमुळे, शाळा लांब असल्यामुळे किंवा आजारपणामुळे. परदेशातून पैसा येत राहिला की संस्थेला मुलं हवीशी वाटू लागतात, आणि मग घरी जाऊ शकणारं मूलही आत राहतं. म्हणून चांगलं बालगृह ओळखायची खूण अशी की ते मुलांना घरी परत पाठवण्याबद्दल आपणहून बोलतं.

संस्थेच्या प्रमुखांना पहिल्याच ईमेलमध्ये हे प्रश्न विचारा, आणि का विचारताय तेही लिहा:

१. नोंदणी कोणत्या वर्षीची आहे, कुठवर वैध आहे?
२. मूल तुमच्याकडे कुणाच्या आदेशाने येतं? जिल्ह्याच्या बाल अधिकाऱ्याचा आणि न्यायालयाचा संबंध असतो का?
३. गेल्या दोन वर्षांत किती मुलं कुटुंबात परत गेली? नंतर त्यांची विचारपूस कोण करतं?
४. बालसंरक्षणाचे लेखी नियम आहेत का? आम्हाला ते पाठवाल का?
५. मुलांचे फोटो आणि माहिती बाहेर देण्याबद्दल तुमचा नियम काय?

नियमांची प्रत तीन-चार आठवड्यांतही आली नाही तर थांबा. पहिल्याच उत्तरात मुलांचे चेहरे, पूर्ण नावं आणि 'हिची आई अमुक आजाराने गेली' अशा कहाण्या आल्या, तर त्या संस्थेशी मुलांना जोडू नका, माणसं कितीही प्रेमळ वाटोत. ज्या मुलीची गोष्ट तुम्हाला न विचारता पाठवली, तिची ती गोष्ट अजून किती जणांना गेली असेल याचा विचार करा.

सगळं ठीक वाटलं तर दोन्हीकडे एकेक समन्वयक नेमा. पत्रं, फोटो, कॉल सगळं या दोघांमधूनच जाईल. मुलामुलांचे थेट फोन नंबर किंवा सोशल मीडिया अजिबात नको, आणि हा नियम पालकांनाही लेखी कळवा. उत्साही पालकच तो आधी मोडतात.

पहिला रविवार: नकाशा आणि घड्याळ

भिंतीवर हिंदी महासागराचा नकाशा लावा, जगाचा नको. जगाच्या नकाशात मुंबई आणि मोम्बासा कोपऱ्यांत जातात. महासागराच्या नकाशात ती समोरासमोर दिसतात, मधे फक्त पाणी. मुंबईहून नैरोबी सुमारे साडेचार हजार किलोमीटर आहे, विमानाने साधारण सहा तास. त्याआधी शेकडो वर्षं शिडाची गलबतं वाऱ्याच्या भरवशावर ये-जा करत. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा आफ्रिकेकडे नेई, त्याला स्वाहिलीत 'कास्काझी' म्हणतात. एप्रिलनंतर नैऋत्येचा 'कुसी' परत आणे. निळा दोरा आणि लाल दोरा घेऊन दोन्ही वारे मुलांकडूनच नकाशावर लावून घ्या.

मग घड्याळ. पूर्व आफ्रिकेची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पुण्यात सकाळचे नऊ वाजले की नैरोबीत साडेसहा. एवढं मुलांना लगेच समजतं. गंमत पुढे आहे: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तिथे 'सा मोजा', पहिला तास. दुपारचे बारा म्हणजे 'सा सिता', सहावा तास. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, म्हणून हा हिशेब तिथे बारा महिने चालतो. पंचांगातल्या घटका सूर्योदयापासून मोजतात हे ज्या मुलांच्या आजीला माहीत असेल, त्यांना यात काहीच विचित्र वाटणार नाही.

पुठ्ठ्याचं एक घड्याळ करा. बाहेरच्या वर्तुळात नेहमीचे आकडे, आतल्या वर्तुळात सहा तास मागचे: ७ च्या खाली १, ८ च्या खाली २, १२ च्या खाली ६. आतले आकडे वेगळ्या रंगात लिहा, नाहीतर गोंधळ होतो. शिक्षकांची नेहमीची चूक म्हणजे अडीच तासांचा फरक आणि सहा तासांचा फरक एका दमात शिकवणं. पंधरा मिनिटं फक्त पहिला शिकवा, मधे नकाशावर या, मग दुसरा घ्या.

हवामानाबद्दलही एक समज इथेच दूर करा. 'आफ्रिका म्हणजे रणरणतं ऊन' असं मुलं म्हणतीलच. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच. जुलैत तिथली मुलं शाळेत स्वेटर घालून जातात.

दुसरा रविवार: नमस्कार आणि बालगृहातला दिवस

स्वाहिली देवनागरीत लिहायला सोपी आहे आणि जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त घेऊ नका.

• 'हुजाम्बो?' याला उत्तर 'सिजाम्बो'. लहानांशी, ओळखीसाठी.
• 'शिकामो' हे लहानाने मोठ्याला म्हणायचं. मोठ्याने उत्तर द्यायचं 'मराहाबा'. टांझानियात आणि किनाऱ्यावर हे जास्त ऐकू येतं.
• 'हबारी?' याला 'न्झुरी', म्हणजे 'कसं काय?' 'छान'.
• 'करीबू' या, बसा, घ्या. 'असांते साना' खूप आभारी आहे.
• 'पोले' हे कुणी पडलं, दमलं, आजारी असलं की म्हणतात. चूक आपली नसली तरी म्हणतात.
• 'ब्वाना असिफिवे' म्हणजे 'प्रभूची स्तुती असो', आणि सगळ्यांनी मिळून 'आमेन'. मंडळीत बोलायला उभं राहणारा माणूस बहुधा यानेच सुरुवात करतो.

'शिकामो' पाठ करून घेऊ नका, वापरून घ्या. पुढचे तिन्ही रविवार वर्गात येताना प्रत्येक मुलाने शिक्षकांना 'शिकामो' म्हणायचं आणि शिक्षकांनी 'मराहाबा'. तिसऱ्या रविवारी मुलं विसरली तर दारात थांबवा, रागावू नका.

माणसांना हाक मारण्याची रीतही सांगा. मुलांचं बघणाऱ्या बाईंना सहसा 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. आपल्या मुलांना मामा म्हटलं की आईचा भाऊ आठवणार, तेव्हा हे आधीच सांगून टाका. आईच्या भावाला 'म्जोम्बा' आणि वडिलांच्या बहिणीला 'शंगाझी' म्हणतात. 'अंकल-आंटी' सगळ्यांना लावून मोकळं न होणारी ही नाती मराठी मुलांना पटकन कळतात.

आता दिवस. तुमच्या बालगृहाकडून प्रत्यक्ष वेळापत्रक मागवा. ते येईपर्यंत साधारण रूपरेषा अशी धरा: पहाटे पाच-साडेपाचला उठणं, अंथरूण आवरणं, छोटी प्रार्थना, नाश्त्याला 'उजी', म्हणजे पिठाची पातळ पेज, किंवा दुधाचा चहा आणि पाव, मग शाळा. संध्याकाळी खेळ, कपडे-भांडी-झाडलोट यांची पाळी, 'शांबा' म्हणजे परसातल्या शेतात पाणी घालणं, जेवण, अभ्यास, आणि झोपण्याआधी 'इबादा', म्हणजे उपासना. शनिवार हा धुण्याचा दिवस, रविवारी लांबलचक उपासना. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि त्यात तीन सत्रं असतात.

फळ्यावर दोन रकाने करा: 'त्यांचा मंगळवार' आणि 'माझा मंगळवार'. प्रत्येक मुलाने स्वतःचा रकाना खरा भरायचा. स्वतःचं ताट स्वतः न धुणाऱ्या मुलांना इथे थोडं गप्प व्हायला होतं. त्यावर भाष्य न करता पुढे चला.

तिसरा रविवार: उगाली आणि सुकुमा विकी

हा सगळ्यांत आवडता रविवार होतो आणि बिघडण्याची शक्यताही इथेच जास्त. पालकांना आदल्या आठवड्यात पदार्थांची यादी कळवा आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे का ते विचारा. गॅसजवळ फक्त मोठी माणसं. मुलांना पीठ मोजायला, भाजी निवडायला आणि वाढायला द्या.

उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घोटून केलेला घट्ट गोळा. पंधरा मुलांना चवीपुरती करायला १ लिटर पाणी आणि ५०० ग्रॅम मक्याचं पीठ लागतं. केनियात पांढऱ्या मक्याचं पीठ वापरतात. आपल्याकडे पिवळं मिळतं, ते चालेल. कॉर्नफ्लोअर मात्र आणू नका. तो निव्वळ स्टार्च, त्याची खळ होईल. गिरणीतून मका दळून आणणार असाल तर फार बारीक नको, भाकरीच्या पिठाहून किंचित जाडसर हवं.

जाड बुडाच्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्या. मीठ घालत नाहीत, चव भाजीतून येते. आधी दोन मुठी पीठ भुरभुरवा आणि दोन मिनिटं पातळ पेजेसारखं उकळू द्या. मग आच मध्यम करून उरलेलं पीठ तीन-चार वेळा घाला आणि लाकडी कालथ्याने पातेल्याच्या कडेवर दाबत दाबत घोटा. तिथे या कालथ्याला 'म्विको' म्हणतात आणि तो चांगला लांब असतो, कारण गोळा घट्ट होत जातो तसा वाफेचा चटका बसतो. आठ-दहा मिनिटांत गोळा कडा सोडतो आणि भाजलेल्या कणसाचा वास येतो. तेव्हा झाकण ठेवून दोन मिनिटं मंद आचेवर राहू द्या आणि ताटात उपडी करा. मोदकाची उकड ज्याला जमते त्याला उगाली जमते.

गुठळ्या झाल्या तर पाणी पुरेसं उकळलं नव्हतं किंवा पीठ एकदम पडलं. कच्चट लागली तर घोटणं लवकर थांबलं. ताटात पसरली तर पाणी जास्त, पातेल्यात परत घालून मूठभर पीठ टाका आणि पाच मिनिटं घोटा.

'सुकुमा विकी' ही केल-जातीची पालेभाजी, केनियात घरोघरी होते. आपल्याकडे केल मिळाला तर उत्तम, नाहीतर नवलकोलाची कोवळी पानं घ्या. पालक घेऊ नका, तो लगदा होतो. ५०० ग्रॅम पानांना दोन कांदे, तीन टोमॅटो, तीन मोठे चमचे तेल, मीठ. पानांचे देठ काढून गुंडाळी करा आणि अगदी बारीक, दोरीसारखी चिरा. कांदा मऊ होईपर्यंत परता, टोमॅटो घाला, ते गळले की पानं टाका. सहा ते आठ मिनिटं, झाकण न ठेवता, म्हणजे हिरवा रंग टिकतो. फोडणी, हळद, तिखट काही नाही. 'थोडी मिरची टाकूया का' असं कुणीतरी म्हणेलच. टाकू नका. चव आपल्यासारखी करून घेतली तर केनियाच्या जेवणात मुलांना स्वयंपाकघरातली नेहमीचीच भाजी मिळेल.

खाण्याआधी हात धुण्याची रीत करा. एकाने तांब्यातून पाणी घालायचं, खाली तसराळं धरायचं, दुसऱ्याने हात धुवायचे, मग अदलाबदल. प्रार्थना. मग उजव्या हाताने लिंबाएवढा तुकडा तोडायचा, मुठीत गोल करायचा, अंगठ्याने मधे खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. हा खळगा पहिल्या दोन-तीन घासांना जमत नाही, भाजी गळते. उगाली थोडी निवली की जमतो.

सोबत नाचणीची उजी करा: १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम नाचणीचं पीठ. पीठ आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात ओतायचं, दहा मिनिटं ढवळायचं, वरून साखर आणि लिंबू. नाचणीला स्वाहिलीत 'विम्बी' म्हणतात. हे धान्य मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलं. हजारो वर्षांपूर्वी ते समुद्रमार्गे भारतात आलं आणि कोकणात, सह्याद्रीत आपलंच होऊन बसलं. मुलांना ही गोष्ट उजी हातात असताना सांगा.

आणि एक सांगायला विसरू नका: तिथे रोजचं जेवण उगाली, आणि चपाती मात्र सणाची. नाताळच्या दिवशी बालगृहात चपात्या लाटायला सगळी मोठी मुलं बसतात. आपल्या मुलांना रोजच्या डब्यातल्या पोळीकडे बघायला यातून नवी नजर मिळते.

चौथा रविवार: नाशिकचं बालगृह

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी हा धडा सोडू नका, कारण इथे गोष्ट आपल्या दारात येते.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून गुलाम म्हणून विकली जात. ब्रिटिश नौदल गुलामांची जहाजं अडवी आणि सुटलेल्या लोकांना मुंबईला आणून सोडी. त्यात लहान मुलंही असत. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली होती, तिथे अशा मुलांसाठी आश्रम होता. मुलं लिहा-वाचायला शिकत, सुतारकाम, लोहारकाम शिकत.

यातलाच एक जेकब वेनराइट. शरणपुरात शिकून तो स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शोधमोहिमेत आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळची प्रार्थना जेकबने वाचली. झाडावर मजकूर कोरला तोही त्याने. मग साथीदारांनी देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या दफनविधीला जेकब हजर होता. पुढे शरणपूरचे मिशनरी प्राइस मोम्बासाला गेले, आणि समोरच्या किनाऱ्यावर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीरटाऊन ही वस्ती उभी राहिली. नाशिकला वाढलेले बरेच जण तिथे जाऊन राहिले. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. वस्तीची घंटा अजून आहे आणि त्या भागाला आजही 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, म्हणतात.

ही गोष्ट फक्त उपकारांची करू नका. त्या मुलांची मूळ नावं बदलून त्यांना इंग्रजी नावं दिली गेली. परत गेल्यावर अनेकांना तिथली भाषा येत नव्हती. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे नीट समजतं, त्यांना विचारा: 'तुझं नाव कुणी बदललं तर?' इथून नावांकडे वळा. लुओ समाजात जन्मवेळेवरून नावं असतात. सकाळी जन्मलेली मुलगी अकिन्यी, रात्री जन्मलेली अतिएनो, मुलगा ओतिएनो, पावसात जन्मलेला ओकोथ. मुलांना घरी जाऊन स्वतःची जन्मवेळ विचारून यायला सांगा, पण एकमेकांना त्या नावाने हाका मारायला लावू नका. नाव हे सोंग नाही.

गोष्टीनंतर अर्धा तास हाताचं काम. 'कायाम्बा' हे किनाऱ्यावरचं चपटं वाद्य आहे: वेताच्या काड्यांच्या दोन जाळ्या, मधे बिया, दोन्ही हातांत आडवं धरून हलवायचं. वर्गात करायला ३० बाय २० सेंटिमीटरची जाड पुठ्ठ्याची चौकट घ्या, उंची अडीच सेंटिमीटर. ज्वारीच्या ताटांचे बारीक तुकडे किंवा जाड कागदी स्ट्रॉ एकाला एक लावून खालची बाजू फेव्हिकॉलने चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. आत दोन मोठे चमचे ज्वारी किंवा मूग टाका, मग वरची बाजू लावा. ओल्या गोंदावर दाणे टाकले तर चिकटून बसतात आणि वाद्य मुकं होतं, म्हणून खालची बाजू मोठ्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवावी. दाणे जास्त झाले तरी आवाज दबतो. दोन काड्यांमधली फट दाण्यापेक्षा लहान हवी.

गाणं एक सांगतो आणि सगळे उत्तर देतात, ही तिथल्या मंडळीतली सवय. तुमचंच एखादं मराठी गीत तसं बसवा: एका मुलीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद, कायाम्बा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर.

पाचवा रविवार: खेळ, पत्र, कॉल

'न्यामा न्यामा' हा खेळ 'चिमणी उडाली' च्या जवळचा आहे. पुढारी 'न्यामा, न्यामा, न्यामा' म्हणतो, म्हणजे मांस. मुलं 'न्यामा!' म्हणत उडी मारतात. मग तो प्राण्यांची नावं घेतो. खाण्याच्या प्राण्याला उडी मारायची, इतरांना नाही, चुकला तो बाद. गटात शाकाहारी मुलं असतील तर 'मातुंडा', म्हणजे फळं, असा बदल करा आणि फळांमधे मधेच 'खुर्ची', 'चप्पल' घाला.

बसून खेळायला बाओ. मूळ बाओ चार ओळींचा, ३२ खळग्यांचा, ६४ बियांचा आणि बराच अवघड. मुलांसाठी दोन ओळींचा सोपा खेळ घ्या. तीस अंड्यांच्या ट्रेमधून सहा-सहाच्या दोन ओळी कापा, प्रत्येक खळग्यात चार चिंचोके. आपल्या बाजूच्या एका खळग्यातले सगळे उचलायचे आणि उजवीकडून पुढे एकेक टाकत जायचं. शेवटचा चिंचोका आपल्याच बाजूच्या रिकाम्या खळग्यात पडला तर समोरच्या खळग्यातले सगळे आपले. एक बाजू रिकामी झाली की खेळ संपला, जास्त चिंचोके मिळवेल तो जिंकला.

पत्र सगळ्या गटाचं मिळून एकच लिहा. एका मुलाने एका मुलाला लिहिलं की तिकडे ज्याला पत्र आलं नाही तो हिरमुसतो, आणि इकडे 'माझ्या मित्राचं उत्तर का नाही' असं सुरू होतं. पत्रात फक्त पहिली नावं, शाळेचं नाव-पत्ता नाही, चेहरा दिसेल असा फोटो नाही. चित्रं भरपूर. प्रश्न असे असावेत: शांबात काय लावलंय? फुटबॉलमध्ये कुठला संघ आवडतो? पावसाळा कधी येतो? आईवडिलांबद्दल विचारायचं नाही. वर्गात एखादं मूल विचारेलच, 'त्यांचे आईबाबा कुठे आहेत?' तेव्हा खरं आणि थोडक्यात सांगा: 'काहींचे आहेत, काहींचे नाहीत. आपण भेटल्याबरोबर कुणाला हे विचारत नाही, ते सांगतील तेव्हा ऐकायचं.'

व्हिडिओ कॉल करायचाच असेल तर वीस मिनिटांचा, दोन्हीकडे मोठी माणसं हजर असताना, रेकॉर्डिंग न करता. शनिवारी आपल्याकडे दुपारी दोन वाजता तिथे साडेअकरा असतात, तोवर धुणं उरकलेलं असतं. दोन्ही बाजूंनी एकेक गाणं आणि तीन प्रश्न आधीच ठरवा. न ठरवलेला कॉल म्हणजे पन्नास मुलं एकदम हात हलवतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. नेट तुटलं तर काय, याचीही तयारी ठेवा: गाणं आधीच आवाजाच्या फाइलमध्ये पाठवून द्या.

देणगी आणि भेट यांबद्दल

पाचव्या रविवारनंतर मुलं आणि पालक 'आपण काही पाठवूया' म्हणतील. जुने कपडे, खेळणी यांची पार्सलं पाठवू नका. सीमाशुल्क आणि टपालखर्च वस्तूच्या किमतीच्या वर जातो, आणि जुन्या कपड्यांचा मोठा बाजार केनियात आधीच आहे. पैसे द्यायचे तर संस्थेच्या बँक खात्यात, आणि मुलांना घरी परत नेण्याच्या कामासाठी किंवा एखाद्या कुटुंबाच्या शाळेच्या खर्चासाठी द्या. खोल्या वाढवायला देऊ नका. व्यक्तीला बँकेतून रीतसर परदेशी रक्कम पाठवता येते, पण त्या रकमेवर देणगीची आयकर सवलत मिळत नाही. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून पाठवायची असेल तर आधी सीएला विचारा, कारण ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च केला तर आयकराची सूट अडचणीत येऊ शकते.

सहलीला जोडून बालगृहाची दोन तासांची भेट घेऊ नका. लळा लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांची तिथल्या लहानांना सवय होते, आणि ती चांगली सवय नाही. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अशा पर्यटनातून आणि स्वयंसेवेतून होणाऱ्या नुकसानाकडे लक्ष वेधलं आहे.

पत्राच्या उत्तरासाठी दीड-दोन महिने धरून चला. एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुट्ट्यांत बरीच मुलं आजी-मावशीकडे जातात, तेव्हा उत्तर येणार नाही. अशा वेळी समन्वयकांना तगादा लावू नका. वर्गातल्या मुलांना सांगा की ती घरी गेली आहेत, आणि पुढचं पत्र शाळा उघडल्यावर टाका.